न जुळणारी चाळीस मिनिटे

डिसेंबर १९८३च्या पहिल्या आठवड्यात माझी थोरली बहीण वेणूबाई हुबळीहून धारवाडला आली, ती पिशवीत पंचांग घालूनच. तिचे घर हुबळीच्या दाजीबानपेठेत, कापडाच्या घाऊक दुकानांच्या मागच्या बोळात. वय चौऱ्याहत्तर. बसच्या पायऱ्या चढणे तिला जड जाते, म्हणून ती वर्षातून एकदा येते आणि येते तेव्हा काहीतरी ठरवूनच येते.

"शेषा, बारा वर्षं पुरी होतायत," चहाचा पेला खाली ठेवत ती म्हणाली.

"शनिवारी. दहा तारखेला."

"तारखेचं तुझ्या सरकारला सांग. मी तिथीचं बोलते."

विषय माझ्या मुलाचा होता. जयतीर्थ, सैन्यात सेकंड लेफ्टनंट, वय तेवीस, अविवाहित. १० डिसेंबर १९७१ रोजी सकाळी जम्मूच्या पश्चिमेला झालेल्या लढाईत तो मागे राहिला. युद्ध थांबले तेव्हा तो भूभाग सीमेपलीकडे गेला होता. देह मिळाला नाही आणि कैद्यांची अदलाबदल झाली त्या यादीतही त्याचे नाव आले नाही. सरकारी कागदांवर त्याच्या नावापुढे 'बेपत्ता' एवढाच शब्द उरला. आमच्यात बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहतात. त्यानंतर पळसाच्या तीनशे साठ देठांचा पुतळा करतात. चाळीस देठ डोक्याला, दहा मानेला, वीस छातीला, असा हिशेब शास्त्रात घालून दिलेला आहे. त्या पुतळ्याला अग्नी दिला की माणूस गेला असे धरायचे. तोवर त्याचे श्राद्ध करता येत नाही आणि त्याच्या लग्नाची बोलणीही करता येत नाहीत.

आमचे गुरुजी बाळाचार्य त्याच दुपारी आले. अक्काने त्यांना आधीच निरोप धाडला होता.

"तिथी कोणती धरायची?" त्यांनी विचारले.

"दहा डिसेंबर एकाहत्तर. मार्गशीर्ष वद्य अष्टमी. मी काढून ठेवली आहे."

"ती बेपत्ता झाल्याची झाली, शेषगिरीराव. गेला कधी? त्याच दिवशी गेला असं डोळ्यांनी पाहिलेलं कोणी आहे का?"

मी पंचांग अक्काकडे सरकवले.

"नसलं तरी अडत नाही," बाळाचार्य म्हणाले. "ज्याची तिथी कळत नाही त्याची त्या महिन्यातली अमावास्या धरतात. शास्त्राने वाट ठेवलेली आहे."

"मग धरा की अमावास्या," अक्का म्हणाली. "मी परत ह्या पायऱ्या चढून येणार नाही. अनुसया लेकाची वाट बघत बघत गेली. आता तू एकटा किती वर्षं बसणार आहेस? पट्टी लावून मोजत बसलास म्हणून यम काय थांबणार आहे?"

"मला चार दिवस द्या," मी म्हणालो.

अमावास्या ही ज्यांच्याविषयी काहीच ठाऊक नाही, अशांची तिथी. माझ्याबाबतीत तसे म्हणता येत नव्हते. कोणाला विचारायचे ते मला नऊ वर्षांपासून माहीत होते. मी विचारले नव्हते.

हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मी स्थापत्यातला डिप्लोमा घेऊन एकतीस वर्षे पॉलिटेक्निकमध्ये सर्वेक्षण शिकवले. जमीन मोजताना आपण एका खुंटीपासून निघतो, कोन आणि अंतरे घेत फिरतो आणि पुन्हा त्याच खुंटीवर येतो. कागदावर ती आकृती मिटली पाहिजे. मिटली नाही तर कुठेतरी एक माप चुकलेले असते किंवा कोणीतरी न मोजताच आकडा लिहिलेला असतो. विद्यार्थ्यांना मी सांगत असे की न मिटलेल्या आकृतीवर रागावू नका, तिच्याजवळ बसा. ती चूक कुठे आहे ते सांगते.

जयतीर्थ बेपत्ता झाल्याची तार आली, तेव्हा मला दुसरे काही करता आले नाही, म्हणून मी तेच केले. त्याच्या प्लॅटूनमध्ये त्या सकाळी सत्तावीस जवान होते. सत्तावीसही परत आले होते. पलटणीकडून त्यांचे पत्ते मिळवून मी प्रत्येकाला पत्र लिहिले. नकाशाची कोरी चौकट काढून पाठवली आणि सोबत प्रश्न घातले: तुम्ही कुठे होता, किती वाजता निघालात, किती पावले चाललात, डाव्या हाताला काय होते. दोन वर्षांत एकोणीस उत्तरे आली. काही मराठीत, काही कन्नडमध्ये, दोन हिंदीत, एक गावच्या शाळामास्तरांच्या अक्षरात. त्यांवरून मी ट्रेसिंग कापडावर त्या रानाचा नकाशा काढला. मी ते रान कधी पाहिले नाही. पण तिथला नाला, बांध, सरकंड्याचे उंच गवत आणि बोरीची तीन झाडे कुठे आहेत हे मला आजही डोळे मिटून सांगता येते.

घडले ते असे. नऊ तारखेच्या रात्री प्लॅटून सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पलीकडच्या मातीच्या बांधावर गेली. इंजिनियरांनी त्या पट्ट्यातून एक पायवाट सुरुंग काढून मोकळी केली होती आणि दोन्ही कडांना पांढरी फीत लावली होती. पट्टा तीनशे ऐंशी यार्ड रुंद. पहाटे तोफांचा मारा झाला आणि मधल्या एकशे तीस यार्डांतली फीत उडाली, जळाली. सहाच्या सुमारास मागे येण्याचा हुकूम आला, कारण शत्रूचे रणगाडे बांधाच्या उजव्या अंगाने वळत होते. मागे यायचे तर त्याच वाटेने यायला हवे होते, आणि ती मधोमध नाहीशी झाली होती.

जयतीर्थने रात्री जाताना पावले मोजली होती. कोणी सांगितले नव्हते; त्याची सवय होती. बारा वर्षांचा असताना तो केलगेरीच्या तळ्याकाठी माझ्या विद्यार्थ्यांबरोबर साखळी धरून चालत असे. त्याचे पाऊल आम्ही मोजून तीस इंचांवर बसवले होते. रात्री त्याने होकायंत्रावर दिशा पाहून नव्वद पावले, मग थोडे डावीकडे सत्तर, मग पुन्हा सरळ, असे हाताच्या तळव्यावर पेनने लिहून ठेवले होते. सात वाजायला वीस मिनिटे असताना तो धुक्यात एकटा त्या पट्ट्यात उतरला. रायफल साफ करायच्या पांढऱ्या चिंध्या त्याने सगळ्या जवानांकडून गोळा करून घेतल्या होत्या. पुढे संगिनीने जमीन टोचायची, एक पाऊल टाकायचे आणि सरकंड्याच्या ताटाला एक चिंधी बांधायची. एकशे तीस यार्डांना पस्तीस मिनिटे लागली. पलीकडच्या शाबूत फितीपर्यंत तो पोचला. तिथून पुढे आपली माणसे होती, चहा होता. तो वळून त्याच चिंध्यांवरून परत बांधावर आला आणि एकेका तुकडीला त्या वाटेवर सोडू लागला.

इथपर्यंत एकोणीस पत्रे एकमेकांशी जुळतात. पावलाचाही फरक नाही.

पुढचे शौर्यपदकासोबत आलेल्या मानपत्रात आहे: शेवटचा जवान पार होईपर्यंत या अधिकाऱ्याने बांधावर थांबून स्वतः मशीनगन चालवली. आधार एकाच साक्षीचा, शिपाई भरमा कांबळे याच्या. मशीनगन मूळची भरमाची. चौकशी मंडळापुढे त्याने सांगितले की साहेबांनी बंदूक आपल्याकडून घेतली आणि आपल्याला शेवटच्या तुकडीबरोबर निघायला सांगितले. 'साहेब मागून येतो म्हणाले. मी निघालो तेव्हा ते धडधाकट होते.' या एका वाक्यामुळे जयतीर्थच्या नावापुढे 'मृत' न लागता 'बेपत्ता' लागले.

शेवटची तुकडी आठ वाजता पार झाली. हे सहा पत्रांत आहे. त्याच तुकडीतल्या लान्स नाईक मल्लाप्पाने लिहिले आहे की भरमा आठ चाळीसला आला. तीनशे ऐंशी यार्ड चालायला, सावकाश चालले तरी, दहा मिनिटे पुरतात. चाळीस मिनिटे जास्त होत होती. मी सगळे आकडे तीनदा पडताळले. मल्लाप्पाच्याच पत्रात आणखी एक ओळ होती, त्याने सहज लिहिलेली: 'साहेब आधी लांब लांब गोळी मारत होते, नंतर भरमासारखी दोन-दोन मारू लागले.'

१९७४च्या उन्हाळ्यात ती ओळ मी पुन्हा वाचली आणि आकृती मिटली. बंदूक आधी एकाच्या हातात होती, नंतर दुसऱ्याच्या. भरमा खोटे बोलला होता. आता फक्त त्याला विचारायचे उरले होते.

मी नकाशा गुंडाळला आणि कपाटावर ठेवला. माझी बायको अनुसया स्वयंपाकघरात होती. "झाला का पुरा?" तिने विचारले. "एक माप मिळत नाही," मी म्हणालो. ती पाच वर्षांनी गेली. तोपर्यंत आणि त्यानंतरही मी ते माप मिळत नाही असेच म्हणत राहिलो.

भरमाला गाठणे कठीण होते असे नाही. तो हुबळीचाच. सैन्यातून सुटल्यावर रेल्वेच्या वर्कशॉपच्या फाटकावर पहारेकरी म्हणून लागला होता. दरवर्षी दहा डिसेंबरला तो धारवाडला आमच्या घरी येई. इस्त्रीचा शर्ट घालून पडवीतल्या बाकाच्या कडेला बसे. पहिल्या वर्षी अनुसयेने त्याला चहा दिला तो वेगळ्या ठेवलेल्या पेल्यातून. त्याने चहा संपवला, उठून अंगणातल्या नळावर पेला स्वतः विसळला आणि कट्ट्यावर पालथा घातला. मी ते पाहिले. काही बोललो नाही. पुढच्या वर्षीही तसेच झाले आणि मग ती रीतच पडली.

मी त्याला नाल्याला पाणी किती होते ते विचारी, धुके किती वाजता उठले ते विचारी. तो नीट उत्तरे देई. जाताना अनुसया दाराशी येऊन विचारी, "भरमा, येईल ना रे तो?"

"येतील की, आई," तो म्हणे आणि चपला घाली.

त्या वर्षी मी दहा तारखेची वाट पाहिली नाही. अक्का येऊन गेल्यावर दोन दिवसांनी, सात तारखेला बुधवारी नकाशाची गुंडाळी घेऊन हुबळीची बस धरली. वर्कशॉपच्या फाटकावर चौकशी केली, तेव्हा कळले की त्याची पाळी दोनला संपते. त्याचे घर पाठीमागच्या चाळीत. बारा वर्षांत मी तिथे पहिल्यांदा जात होतो.

त्याची बायको सरूबाई हिने मला ओळखले नाही. नाव सांगितल्यावर डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "या, बसा की. येतीलच ते." घर दोन खोल्यांचे, सारवलेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पितळी समई नव्हती, नुसती मेणबत्ती होती. तिने चहा कपबशीतून दिला. बशीला निळी कड होती. मी पितो की नाही हे तिने तिथे उभे राहून पाहिले नाही, आत गेली. मी चहा प्यालो आणि बाहेर नळ कुठे दिसतो का ते पाहू लागलो. इतक्यात ती आली आणि माझ्या हातातून कपबशी घेऊन गेली.

भरमा आला. मला पाहून दारातच थांबला.

"सर, दहा तारीख शनिवारी आहे. मी येणारच हुतो."

"यंदा मी आलो. बस."

तो बसला नाही. मी नकाशा खाटेवर पसरला आणि चार कोपऱ्यांना त्याच्याच घरातल्या वाट्या ठेवल्या. तो वाकून पाहू लागला. बराच वेळ पाहिले. मग त्याने एक बोट बोरीच्या झाडांवर ठेवले.

"हे झाड अलीकडं हुतं. इतकंस."

"किती?"

"चार पावलं."

मी पेन्सिलीने खूण केली. मग म्हणालो, "भरमा, इथे तुझी चाळीस मिनिटे शिल्लक राहतात. दोन-दोन गोळ्यांचा फेर तुझा. जयतीर्थचा नव्हे. हे मला नऊ वर्षांपासून माहीत आहे."

"माहीत हुतं, तर इचारलं का न्हाई?"

"तू सांगितलं का नाहीस?"

तो खाली जमिनीवर बसला. मीही खाटेवरून उतरून समोर बसलो. सरूबाई आतल्या दारात आली होती. त्याने मान हलवली तशी परत गेली.

"पहिली तुकडी वाटंवर हुती," तो म्हणाला. "साहेबांनी बंदूक माझ्याकडनं घेतली, हे खरं. मी मॅगझिन भरून देत हुतो. साडेसात झाले असतील. मग साहेब मागं झाले, टेकून बसले. मला वाटलं मॅगझिन मागतायत. छातीत लागलं हुतं, उजव्या अंगाला. शर्ट उघडला तर," त्याने हात पुढे केला आणि परत घेतला. "जाऊ द्या ते."

"बोलत होता?"

"बोलत हुते. मी म्हटलं, मल्लाप्पाला हाक मारतो, चौघं मिळून उचलू. दोन तुकड्या अजून बांधावरच हुत्या, धुक्यात, हाकेच्या अंतरावर. साहेब म्हणाले, न्हाई. म्हणाले, भरमा, मला उचलायला चार माणसं लागतील. वाट एकाची आहे. चौघं जाऊ लागले तर दोघांचे पाय बाहेर पडतील. मग सगळीच तिथं राहतील."

मी खाटेवरच्या नकाशाकडे पाहिले. फीत असलेली वाट दोन यार्डांची होती. चिंध्यांची वाट एका संगिनीने टोचलेली. तिची रुंदी एका माणसाइतकीच असणार. हे नकाशावर माझ्या लक्षात आले नव्हते. मी ती सगळीकडे सारख्याच जाडीच्या रेषेने काढली होती.

"म्हणाले, कुणाला सांगू नको. त्यांना कळलं तर ते मला टाकून जाणार न्हाईत. सांग, साहेब मागनं येतायत. आणि बंदूक थांबू देऊ नको. थांबली की त्यांना कळंल. मग पाणी मागितलं."

"दिलंस?"

त्याने माझ्याकडे पाहिले. "दिलं. माझ्या बाटलीतलं. दुसरं हुतं कुठं?" मग म्हणाला, "छातीत लागलेल्याला द्यायचं नसतं, शिकवलेलं असतंय. पण मी बघितलं, आता राहायचे न्हाईत. दिलं."

"किती वाजले होते?"

हा प्रश्न माझ्या तोंडून गेला. दुसरा कोणता विचारायचा ते मला येत नव्हते.

"पावणेआठला दोनतीन मिनिटं कमी. तुम्ही इचारणार, म्हणून त्यांच्या मनगटावरचं घड्याळ बघून ठेवलं हुतं." तो थोडासा हसला. "खोटं न्हाई सांगत, सर. साहेब म्हणायचे, आमचे अप्पा जेवताना पण किती वाजता जेवलास इचारतात."

मग त्याने उरलेले सांगितले. बंदूक त्याने घेतली. दुसरी तुकडी निघाली, तिसरी निघाली. मल्लाप्पाने धुक्यातून ओरडून विचारले, साहेब कुठे आहेत, आणि भरमाने ओरडून सांगितले, मागून येतायत, तुम्ही चला. सगळे पार होऊन झाडीत गेले, तरी तो गोळ्या संपेपर्यंत दोन-दोन मारत राहिला. संपल्यावर काही वेळ साहेबांजवळ बसला. बांधाच्या उतारावर मोकळी माती होती. हातांनी जेवढी ओढता आली तेवढी ओढून त्यांना झाकले. मग चिंध्यांवरून आला. येताना एकेक चिंधी सोडून खिशात घातली, म्हणजे शत्रूला वाट कळू नये.

"तेही त्यांनीच सांगितलं हुतं," तो म्हणाला.

दुपारचे साडेतीन झाले होते. वर्कशॉपमध्ये कुठेतरी लोखंडावर घण पडत होता, थांबत होता, पुन्हा पडत होता.

"चौकशीत तरी सांगायचंस."

"हुकूम कुणी मागं घेतला न्हाई, सर. साहेबांनी सांगितलं, कुणाला सांगू नको. मेजरसाहेबांनी इचारलं तवा सगळी तुकडी बाहेर बसलेली. मी तेच सांगितलं. एकदा सांगितलं की ते तसंच ऱ्हातंय. मग आई इचारायच्या. त्यांना काय सांगणार? इथनं निघालं की तुमच्याकडं येईपर्यंत दरवर्षी ठरवायचो, औंदा सांगायचं. तुम्ही नाल्याचं पाणी इचारायचा. मला बरं वाटायचं. सुटलो वाटायचं."

"मलाही," मी म्हणालो.

मी नकाशा गुंडाळू लागलो. त्याने वाट्या उचलल्या.

"मी पलटणीला लिहितो," मी म्हणालो. "मानपत्रात चूक आहे. शेवटपर्यंत बंदूक तू चालवलीस. आणि त्याने वाट काढली, त्याचा तिथे एक शब्द नाही. जे केले नाही ते लिहिले आहे, जे केले ते नाही."

"लिहू नका."

"तुझ्या नोकरीला, पेन्शनला धक्का लागेल, ही भीती आहे का?"

"ते हाय की. पण ते ऱ्हाऊ द्या." तो उभा राहिला. "त्या दोन तुकड्यांतल्या माणसांना आजवर वाटतंय, साहेब मागं बसून आम्हाला पार करत हुते. आता तुम्ही लिहिणार, साहेब तिथं मरून पडले हुते आणि तुम्ही टाकून आलासा. मल्लाप्पाला दोन नातू आहेत. ह्या वयात त्यानं हे घेऊन काय करायचं?"

सर्वेक्षणात एका चुकीने दुसरी चूक झाकू नये, हा पहिला नियम. मी तो एकतीस वर्षे फळ्यावर लिहिला. त्या खोलीत मला त्याचा उपयोग करता आला नाही. मानपत्रातले वाक्य खोटे होते आणि त्या वाक्याच्या आधाराने वीसएक माणसे बारा वर्षे झोपत होती. ते तसे राहावे ही जयतीर्थची आज्ञा होती, आणि त्याला ती आज्ञा देण्याचा अधिकार होता. मला तिथे काहीच अधिकार नव्हता.

"नाही लिहीत," मी म्हणालो. "पण मला तिथी लागते. गुरुजींना आणि अक्काला सांगावे लागेल."

"सांगा. त्यांना आणि आक्कांना. तेवढंच." मग म्हणाला, "मी येणार न्हाई हं सर, त्या कार्याला. आम्ही ते सोडलंय. आणि माझ्या हातनं त्यांचं झालंय, तवाच."

मी दाजीबानपेठेत जाऊन अक्काला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. तिने सगळे ऐकून घेतले. मग तिने एक खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाली, "एकटा नव्हता तर." बाकी काही विचारले नाही.

बाळाचार्यांना अष्टमी सांगितली, तेव्हा त्यांनी विचारले, "पाहिलेला माणूस मिळाला?"

"मिळाला. पाणीही त्यानेच दिले." मी भरमाचे पूर्ण नाव सांगितले. त्यांनी काही म्हणायच्या आत सांगितले.

त्यांनी पंचांग मिटले. "तुळस होती का, गंगोदक होतं का, असं विचारायची रीत आहे. रणात ते कुठलं असायला. पाणी मिळालं ना? मग पुढचं बघू. देठ कोण आणणार?"

महिन्याच्या अखेरीस, वद्य अष्टमीला आम्ही ते कार्य केले. तीनशे साठ देठ मी मोजून दिले. मोजताना मन कुठे गेले नाही. पुतळा जळायला फार वेळ लागला नाही. हिरवे देठ असूनही.

सूतक तीन दिवसांचे. अक्का माझ्याजवळ राहिली. समाचाराला कोणी आले नाही. लोक बारा वर्षांपूर्वीच येऊन गेले होते, आणि पुन्हा यायचे की नाही हे कोणालाच ठाऊक नसावे. शेजारच्या घरात रेडिओ लागला, मग कोणाच्या तरी लक्षात येऊन तो बंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरमा आला. दहा तारखेला तो आला नव्हता. पडवीतल्या बाकाकडे न जाता तो आत येऊन सतरंजीवर बसला. अक्काने विचारले, "ऊट आत?" तो कन्नडमध्येच म्हणाला की जेवून आलो. अक्का म्हणाली, "सुतकात आमच्याकडे काही घेऊही नये. नाहीतर वाढलं असतं." तो म्हणाला, "आम्हाला कसलं सूतक, आक्का. वाढा की." तिने माझ्याकडे पाहिले आणि आत जाऊन ताट वाढून आणले. तो जेवला.

मग आम्ही बसून राहिलो. मला त्याला विचारण्यासारखे काही उरले नव्हते. पाण्याची खोली, धुक्याची वेळ, झाडांची अंतरे, सगळे माझ्याकडे होते. एकोणीस पत्रे आणि एक साक्ष.

"साहेब घोरायचे लई," भरमा मध्येच म्हणाला.

"कोण, जयतीर्थ? तो घोरत नसे."

"घोरायचे सर. बंकरमधी आम्हाला झोप न्हाई. मल्लाप्पा म्हणायचा, शत्रूला आवाजावरनं आपली जागा कळंल. एकदा आम्ही त्यांच्या नाकावर चिमटा लावला, कपडे वाळवायचा."

"मग?"

"मग काय. उठले, चिमटा काढला, म्हणाले, उद्या सगळ्यांना पाच मैल पळवतो. आणि परत घोरायला लागले."

अक्का आतून हसली. खूप वर्षांनी मी तो आवाज ऐकला.

सत्तावीस जणांना मी पत्रे लिहिली होती. प्रत्येकाला अठरा प्रश्न होते. तो कसा झोपे, काय खाई, कशाला हसे, हे मी त्यातल्या एकालाही विचारले नव्हते.

"पळवलं का?" मी विचारले.

"व्हय तर," भरमा म्हणाला. "सहा मैल."